धान्याचा ढीग आणि रील

रमजान आला की मोबाईलवर इफ्तारच्या रील्सचा पूर येतो. नल्ली निहारी, मालपुवा, फालुदा… मोहम्मद अली रोडवरून कुणी तरुण सांगतो, ‘इथे एकदा याच!’ पूर्वी दुकानावरची पाटी जाहिरात आहे, हे पोरालाही कळायचे. आता जाहिरात मित्राच्या आवाजात बोलते.

म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू किंवा पाहुणचार घेऊन शिफारस केली असेल, तर ती जाहिरात असल्याचे व्हिडिओत दिसले पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे. ग्राहकाची दिशाभूल केल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. बाजारातून जाताना पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला. आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. आक्षेप विकण्याला नव्हता, लपवण्याला होता.

बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले तर कुणाला कळणार? तरी रोजेदार पीत नाही. रील करणाऱ्यानेही एवढेच करावे: ‘पैसे घेतले आहेत’ हे आधी सांगावे, मग चव सांगावी.