काळ्या खडकाखालची ऊब

थंडीच्या पहाटे आमच्या वळसंगच्या विहिरींवर वाफ दिसली, की ‘खाली ज्वालामुखी आहे का?’ असे मला कोणीतरी विचारतेच. उत्तर साधे आहे. भूजलाचे तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते. गार होते ती हवा. तरीही प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून इकडच्या माणसाचा पायाखालच्या जमिनीवर पूर्ण भरवसा नाही.

आपला काळा पाषाण लाव्हाचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच विझली. मग कोकणात उन्हवऱ्याचे झरे सत्तर अंशांच्या आसपास कसे तापतात? पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि गार व्हायच्या आत वर येते.

ही उष्णता न खणता शोधण्याची एक पद्धत म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण. विजांचा कडकडाट आणि सूर्याकडून येणारा कणांचा झोत यांमुळे जमिनीत क्षीण विद्युतप्रवाह सतत वाहतात. जमिनीत पुरलेले इलेक्ट्रोड आणि चुंबकीय वेटोळी त्यांची नोंद घेतात. जलद कंपने वरचे थर दाखवतात, संथ कंपने खोलवरचे. कोरडा, अखंड खडक वीज अडवतो; गरम खारे पाणी किंवा वितळलेला खडक ती सहज वाहू देतो.

मात्र हे यंत्र तापमान मोजत नाही. चिकणमातीही वीज वाहते. किल्लारीतही या पद्धतीने काही किलोमीटर खोल वीजवाहक थर आढळला. अभ्यासकांनी तो लाव्हा न मानता भेगांतले पाणी मानले. म्हणूनच जिवंत ज्वालामुखीवर याच्या जोडीला भूकंपलहरींचा वेग, गुरुत्वाकर्षण आणि बाहेर पडणारे वायू तपासतात. वितळलेल्या खडकातून जाताना लहरी मंदावतात. असे अनेक साक्षीदार एकाच जागेकडे बोट दाखवू लागले, तर अनुमान बळकट होते.

शेवटची साक्ष मात्र बोअरची. किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि तळाशी त्याहून कितीतरी प्राचीन खडक. तप्त लाव्हा कुठेच नव्हता.

तेव्हा ‘जमिनीखाली आग सापडली’ अशी बातमी आली, तर घाबरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: मोजले काय, किती खोलवर, आणि बोअर घेतला का?