अर्जदाराचे वय : ४३

बायोडाटा लिहायला बसलेल्या पंचविशीतल्या मुलापुढे प्रश्न असतो, पान भरायचे कशाने? त्रेचाळिशीतल्या गृहस्थापुढचा प्रश्न वेगळाच असतो. यातले लपवायचे काय?

आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांवर ही वेळ आली. पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात, वॉरंटी विभागात, त्यांची वीस वर्षे गेली. मग तो विभाग परराज्यात हलणार, अशी कुणकुण लागली. घराचे हप्ते चालू, मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर, पत्नीची शाळेतली नोकरी. पुणे सोडणे शक्य नव्हते. संख्याशास्त्राची पदवी जुनी झाली होती, पण गोडी शाबूत होती. त्यांनी विमागणिती, म्हणजे ॲक्चुअरी, व्हायचे मनावर घेतले. 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया'ची प्रवेश परीक्षा दिली आणि पहाटे चारला उठून पुढच्या दोन प्रश्नपत्रिकाही सोडविल्या.

कोणाकडून किती हप्ता घ्यावा, आज जमलेल्या पैशातून उद्याचे दावे भागतील का, हे सांगणे विमागणितीचे काम. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर कित्येक वर्षे या विद्येला आपल्याकडे दारे मोजकीच होती. १९९९च्या कायद्याने विमाक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, २००६ साली या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा आला, आणि मागणी वाढली. परीक्षा मात्र अजूनही वर्षानुवर्षे पुरतात. नोकरी करता करता त्या द्यायच्या, अशीच या धंद्याची रीत आहे.

आमच्या स्नेह्यांनी बायोडाटा तयार केला. जन्मतारीख गाळली. वीस वर्षे तीन ओळींत उरकली : 'वॉरंटी विभागाचे कामकाज पाहिले.' वडिलांच्या आजारपणात बिनपगारी रजेवर काढलेले वर्ष दिसू नये म्हणून तारखा मोघम केल्या. खाली 'मेहनती, प्रामाणिक, मिळून-मिसळून काम करण्याची वृत्ती' हे ठरलेले वाक्य टाकले. पाच-सहा ठिकाणी अर्ज गेले. उत्तर एकाचेही आले नाही.

तो कागद विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी पाहिला आणि विचारले, "या विभागात तुम्ही रोज नेमके काय करीत होता?"

"काही विशेष नाही. या वर्षी विकलेल्या पंपांपैकी किती परत येतील, दुरुस्तीला किती पैसे बाजूला ठेवावे लागतील, त्याचा तक्ता मांडायचा."

"काढा पाहू तो तक्ता."

वहीच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता उमटला. प्रत्येक ओळीत विक्रीचे एक वर्ष. पुढच्या रकान्यांत त्या वर्षीच्या पंपांच्या तक्रारी : पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती. जुन्या वर्षांच्या ओळी पूर्ण भरलेल्या, नव्या वर्षांच्या अर्धवट. खालचा उजवा कोपरा रिकामा. तो जुन्या ओळींच्या आधाराने भरायचा.

शेजारी हसले. "अहो, यालाच आमच्याकडे दाव्यांचा त्रिकोण म्हणतात. मोटार विम्यात पंपाच्या जागी अपघात येतो, एवढाच फरक. आणि हेच तुम्ही कामकाज या शब्दात पुरून टाकले?"

वय लपविण्याच्या धडपडीत नेमकी हीच चूक होते. विमाशास्त्रात 'अनुभव' हा शब्द नेमक्या अर्थाने वापरतात. मागे प्रत्यक्षात काय घडले, त्याची नोंद म्हणजे अनुभव. एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला, तो अशाच नोंदींच्या बळावर. बायोडाटाही अनुभवाचाच तक्ता आहे. समोरचा माणूस त्यावरून तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधणार. त्यातली वर्षे गाळली, तर अंदाज तुमच्या बाजूने कसा लागेल?

नवा बायोडाटा दोन पानांचा झाला. सर्वांत वर परीक्षा : कोणती, कधी, कितव्या प्रयत्नात. दुसरी प्रश्नपत्रिका पहिल्या खेपेस गेली होती, तेही लिहिले. मग वॉरंटीचे काम, क्रियापदांनिशी. दर तिमाहीला परत येणाऱ्या पंपांचा अंदाज केला, त्यावरून तरतूद सुचविली, वर्षअखेर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत तपासली. एका वर्षी सीलचा पुरवठादार बदलला आणि अंदाज साफ चुकला. तो कसा ओळखला आणि कसा सुधारला, हेही शेजाऱ्यांनी लिहायला लावले. म्हणाले, "चूक न झालेला माणूस कोणी मागत नाही. चूक कळलेला मागतात." आजारपणाचे वर्ष एका ओळीत आले. संगणकाचे 'ज्ञान' गेले. त्याऐवजी, सार्वजनिक आकडेवारी घेऊन एक्सेल आणि आर या दोन साधनांवर स्वतः मांडलेला त्रिकोण आला.

सोबतच्या पत्रात मात्र मालकाच्या मनातल्या शंकांना उत्तर हवे होते. हा माणूस निम्म्या पगारावर टिकेल का? वयाने लहान साहेबाचे ऐकेल का? परीक्षा अर्ध्यावर सोडील का? आमच्या स्नेह्यांनी सरळ लिहिले की शिकाऊ विश्लेषकाच्या जागेवर आणि त्या पगारावर सुरुवात करायची तयारी आहे, घरखर्चाचा हिशेब त्याप्रमाणे मांडून झाला आहे. तो हिशेब खरोखरच पती-पत्नींनी दोन रात्री बसून केला होता. तो जमला नसता, तर अर्ज पाठवू नये, हेच शहाणपणाचे.

या व्यवसायाच्या मुळाशीही वयाने नाकारलेला एक माणूस आहे. लंडनचे गणितशिक्षक जेम्स डॉडसन. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले म्हणून त्यांना अमिकेबल सोसायटीने विमा नाकारला. वयानुसार हप्ता ठरवा, मग कोणाला नाकारायला नको, असा हिशेब त्यांनी मांडला. १७५७ साली ते वारले, आणि १७६२ साली त्यांच्या हिशेबावर इक्विटेबल सोसायटी उभी राहिली. विम्याच्या धंद्यात 'ॲक्चुअरी' हे पदनाम प्रथम रुजले ते तिथेच.

आमच्या स्नेह्यांना दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एका ठिकाणी घेतले. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी, साहेब अठ्ठावीस वर्षांची मुलगी. ते तिला मॅडम म्हणतात, ती त्यांना काका म्हणत नाही, याचे त्यांना बरे वाटते. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरून झाला आहे. पहाटे चारचा गजर अजून चालू आहे.