दारफळणीचा सण : उपवासाने न मिटणारी चूक

अशोक विजयादशमीला चांदूर रेल्वे स्टेशनवरून दीक्षाभूमीकडे निघणारी गर्दी आपल्याला नवी नाही. 2024 (12 ऑक्टोबर) आणि 2025 (2 ऑक्टोबर) अशी सलग दोन वर्षे त्याच दिवशी ज्यू लोकांचा योम किप्पूर होता. त्यांचे महिनेही चांद्र. तिश्री महिन्याच्या दशमीला हा दिवस येतो. आपल्या दशमीशी तो दरवर्षी जुळतोच असे नाही.

हे लोक आपल्याला परके वाटतात, पण कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. योम किप्पूरला त्यांचे मराठी नाव होते दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, सुमारे 25 तास, अन्न नाही, पाणीही नाही. पांढरे कपडे घालायचे, चामड्याची पादत्राणे नाहीत. लहान मुले आणि आजारी माणसे यातून मोकळी.

उपाशी राहून काय मिळते, असे आपले तरुण लगेच विचारतील. विचारलेच पाहिजे, देहदंडाचा मार्ग बुद्धाने स्वतः करून पाहिला आणि सोडला. पण ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात या दिवसाबद्दल एक कडक नियम आहे. देवाविरुद्धचे अपराध या दिवशी धुतले जातात. माणसाविरुद्ध केलेला अपराध मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय धुतला जात नाही. म्हणजे माफी देण्याचा हक्क ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाच. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. (खुद्द बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असा भेद होता, बेटीव्यवहार नव्हता. वर्षाचा उपवास होता, तरीही.)

आपल्याकडे देव नाही, म्हणून देवाकडून माफीही नाही. आपल्याकडे पवारणा आहे. वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, भिक्खू संघासमोर बसून म्हणतो की माझी चूक कोणी पाहिली, ऐकली किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, मी सुधारेन. इथे दार लावून घेणे नाही, समोर बसणे आहे.

ही रीत विहारात भिक्खूंपुरतीच का राहावी? आपल्या तालुक्यात एकाच गावात दोन-दोन जयंती समित्या आहेत आणि पदाधिकारी एकमेकांशी बोलत नाहीत. दीक्षाभूमीहून परतल्यावर पौर्णिमेला मधे चार-पाच दिवसच उरतात. तेवढ्यात दोन्ही समित्यांनी एका विहारात बसावे, आणि आधी ज्येष्ठांनी विचारावे, आमचे काय चुकले?