चोपण गायरान आणि मातींतील जीवाणु

खाऱ्या मातीस अमरकोशांत ‘ऊष’ म्हटलें आहे. आपले शेतकरी मात्र खारवट आणि चोपण असा भेद करतात, आणि तो अधिक शास्त्रीय आहे. खारवट जमिनींत क्षार विपुल असूनही माती मोकळी राहते. चोपण जमिनींत चिकणमातीच्या कणांस सोडियम चिकटतो, कण विखरून छिद्रें बुजतात व सामू ८.५ च्या वर जातो.

जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेस सह्याद्रीचा पाऊस क्षार धुऊन नेतो. पूर्वेस पाऊस तोकडा. तेथें माणिकडोह, डिंभे आदि धरणांचें पाणी कालव्यांनीं आलें. काळ्या जमिनीस निचरा नसेल, तर असें पाणी वर चढून उडून जातें व क्षार मागें ठेवतें. १८८५ सालच्या नीरा डाव्या कालव्याखालीं हेंच घडलें.

गवताआड जीवाणूंची वस्तीही पालटते. खारें पाणी पेशींतील पाणी ओढतें. तें सोसणाऱ्यांस पेशींत विशिष्ट द्रव्यें सांठवावीं लागतात, आणि वाढीची शक्ति त्यांत खर्चते. चोपण मातींत हवा कोंडते, म्हणून प्राणवायूवांचून जगणारे बळावतात. कांहीं तर नत्र वायुरूपानें उडवून देतात. जगभरच्या नमुन्यांची २००७ सालीं तुलना झाली, तेव्हां जीवाणूंची वस्ती ठरविण्यांत तापमानापेक्षांही क्षारतेचा वांटा मोठा आढळला.

म्हणून अशा गायरानांत नुसतें जीवाणुखत ओतणें मला व्यर्थ वाटतें. नवे जीवाणु त्याच मातींत राहणार ना? आधीं चर खणून निचरा करावा, मग जिप्सम घालून सुटलेला सोडियम पाण्यानें धुवावा. त्यानंतर धैंचा पेरून गाडावा.