आधी आपला मंगळवार बघा

खोपोलीत कुत्रा पाळायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो जातीचा. लॅब घ्यायचा, जर्मन शेफर्ड घ्यायचा, की हल्ली फोनवर सारखा दिसतो तो निळ्या डोळ्यांचा हस्की? त्याआधी खरं तर दुसरंच काही विचारायला हवं. जुलैतला एखादा मंगळवार धरा. बाहेर पाऊस कोसळतोय. दुपारी दोन वाजता घरात कोण आहे? एकजण पहाटेच्या लोकलने मुंबईला गेलाय, म्हणजे जायला दोन तासांवर आणि यायलाही तेवढेच. दुसऱ्याची कारखान्यात दिवसपाळी. मुलं शाळेतून परस्पर क्लासला. अशा घरात कुठल्याही जातीचा कुत्रा आणला तरी तो दहा-बारा तास एकटाच असणार.

जातीवरून स्वभाव ठरतो, हा समज सगळ्यात पक्का. लॅब म्हणजे गरीब, शेफर्ड म्हणजे इमानी, गावठी म्हणजे बेभरवशाचा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली आणि २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जातीमुळे येणारा वाटा सरासरी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास निघाला. सांगितलेलं ऐकण्यासारख्या काही गुणांत तो थोडा जास्त होता, पण कुत्रा चिडका की सोशिक, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नव्हतं. त्यापेक्षा पिलाचा तिसऱ्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ महत्त्वाचा. त्या दिवसांत त्याने किती माणसं, आवाज, मुलं पाहिली याची छाप जन्मभर राहते.

मग जात बघायचीच नाही का? बघायची, पण शरीरासाठी. आकार, केस, नाकाची ठेवण आणि घराण्यातले आजार या गोष्टी जातीवरून बऱ्याच नेमक्या कळतात, आणि खोपोलीत त्यांनाच जास्त किंमत आहे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो. जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि अंग थंड होतं. हवा आधीच दमट असेल तर ही वाफ उडत नाही. त्यामुळे पारा फार चढलेला नसतानाही जूनमधल्या कोंदट दुपारी कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. हस्की, सेंट बर्नार्ड यांच्या अंगावर थंडीसाठी केसांचे दोन थर असतात. ‘केस भादरले की झालं’ असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. हाच थर उन्हापासूनही वाचवतो आणि भादरल्यावर नीट उगवेलच असं नाही. पगचं दुखणं नाकात आहे. २००३ च्या हच मोबाइलच्या जाहिरातीने तो घराघरांत पोचला, पण चपट्या तोंडामुळे त्याची श्वासवाट अरुंद, म्हणजे धापा टाकायचं साधनच अपुरं. ‘लोणावळ्यात तर लोक पाळतात’ हेही उत्तर नाही. लोणावळा ६०० मीटरवर आहे, आपण घाटाच्या पायथ्याशी. राहिला एसी. टाटांचं वीजघर आपल्याकडे १९१५ पासून आहे, म्हणून पावसाळ्यात खोपोलीची वीज जात नाही असं मात्र कुणी म्हणणार नाही.

पावसाळ्याचं आणखी दुखणं म्हणजे गोचीड आणि लेप्टो. गोचिडांमुळे रक्तात शिरणाऱ्या जंतूंनी ताप येतो, खाणं सुटतं, कधी नाकातून रक्त येतं. लांब, ओल्या केसांत गोचीड सापडत नाही आणि कातडीला बुरशी धरते ती वेगळीच. लेप्टो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, कुत्र्याला आणि माणसालाही. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. शिवाय बाहेर जाऊनच शी-शू करणाऱ्या कुत्र्याला कितीही पाऊस असला तरी निदान दोनदा न्यावंच लागतं. रेनकोट घालून पट्टा कोण धरणार, हे आणण्याआधी ठरलेलं बरं.

आखूड केसांचा गावठी कुत्रा या हवेला उत्तम, यात वाद नाही. पण ‘गावठीला काही होत नाही’ हा समज जीवघेणा आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपरने लस न दिलेली पिलं दगावतात, ती विकतची असोत की नाक्यावरची. रेबीजची लस तर तिसऱ्या महिन्यापासून कुणालाच चुकत नाही. उलट बाजूचा भाबडेपणाही आहे: रस्त्यावरचा कुठलाही कुत्रा घरात आणला की तो सुखी होतो. शिळफाट्यावर वर्षानुवर्षं मोकळा हिंडलेला, चार दुकानदारांच्या ओळखीचा कुत्रा तिसऱ्या मजल्यावर कोंडला तर कासावीस होईल. माणसाजवळ आपणहून येऊन बसणारा, मुलांच्या गलक्याने न बिचकणारा कुत्रा निवडा. कानाला खाच असेल तर नसबंदी आधीच झालेली आहे, तेवढं काम कमी.

पिलूच आणलं तर लळा लागतो, मोठा कुत्रा परका राहतो, असं अनेकांना वाटतं. दोघंही नोकरीला जात असतील तर मी उलट सल्ला देईन: दोन-तीन वर्षांचा घ्या. दोन महिन्यांच्या पिलाला दर दोन-तीन तासांनी शू येते, दात शिवशिवतात, लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेर नेता येत नाही. मोठ्याचा आकार, भुंकणं, स्वभाव सगळं समोर दिसतं आणि काही आठवड्यांत तो नव्या घरात रुळतो.

फ्लॅटला लहान कुत्रा, बंगल्याला मोठा, हेही सरळ गणित नाही. बीगल लहानखुरा असतो, पण त्याला पळायला लागतं आणि तो ओरडून सोसायटी डोक्यावर घेतो. ग्रेट डेन मात्र पोटभर फिरून आला की दिवसभर लोळतो.

कर्जत-खालापुरातल्या सुट्टीच्या बंगल्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मालक शनिवारी येतात, पण राखणीला दांडगा कुत्रा हवा असतो. उरलेले पाच दिवस तो साखळीला. कायम बांधलेला कुत्रा पानाच्या सळसळीलाही भुंकतो, त्यामुळे तो खरंच भुंकला तरी कुणी उठून बघत नाही. शिवाय तो चावरा होतो. कुत्रा राखतो आपल्या माणसांना, सातबाऱ्याला नाही. बरं, डोंगरालगत बिबट्याचा वावर असतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सर्वाधिक वाटा पाळीव कुत्र्यांचाच, ३९ टक्के निघाला. रात्री अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. बंगल्यावर कुत्रा हवाच असेल तर तो तिथे बारा महिने राहणाऱ्या माळीदादांचा असू द्या. त्यांना हवा आहे का ते आधी विचारा, लस-औषधाचा खर्च तुम्ही उचला आणि रात्री तो बंद दाराआड राहील एवढं पाहा.

हौस फिटली की यातले काही कुत्रे हायवेला सोडले जातात. पाळीव जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडा छापताना चुकलेला नाही.

‘मुलाला जबाबदारी कळेल म्हणून घेतोय’ असंही ऐकू येतं. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. आज सहावीत असलेला मुलगा सात वर्षांनी कॉलेजसाठी पुण्याला जाईल, तेव्हा पट्टा आई-बाबांच्या हातात येणार. त्यांनाच हौस नसेल तर घेऊ नये.

सोसायटी मनाई करू शकते का? नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, भुंकण्याच्या कारणावरूनही नाही. स्वच्छता आणि लसीकरण सांभाळायचं ते मालकाने. रस्त्यावरचा कुत्रा रीतसर दत्तकही घेता येतो. २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे त्यासाठी पालिकेकडे अर्ज करायचा असतो. कुत्र्याला खूण करून तो अर्जदाराच्या हवाली होतो आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची. अर्ज करण्याआधी त्या कुत्र्याला निदान दोनदा भेटा: एकदा तो भुकेला असताना, एकदा पोट भरलेलं असताना. आणि घरात आजी असतील तर दुसऱ्या खेपेला त्यांनाही बरोबर न्या, कारण दुपारी दोन वाजता त्याच्याजवळ बहुधा त्याच असणार आहेत.