पावसाळ्यात फुटणारा कान

श्रावण लागला की सांगलीत आमच्या घरात रात्री एक आवाज सुरू व्हायचा. फट्-फट्-फट्. बंड्या, आमचा लॅब्राडोर, मान हलवून कान झटकायचा, लोंबती पाळी गालावर आपटायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी कापसाने कान पुसला की कापूस तपकिरी निघायचा, वास आंबलेल्या डोशाच्या पिठाचा. ‘परत कान फुटला’ म्हणत मी फ्रीजच्या दारातली गेल्या वर्षीची थेंबांची बाटली काढायचो. चार दिवसांत आवाज बंद. भाद्रपदात परत सुरू. अशी तीन वर्षं गेली. त्या ‘परत’ला काही कारण असेल, हे तीन वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही.

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत, पडद्याकडे वळते. मोठ्या कुत्र्यात ती ५ ते १० सेंटिमीटर भरते. वरून बॅटरी मारून आपण बघतो तो फक्त पहिला जिना. खरा मामला वळणापलीकडे असतो. या नळीला आतून अस्तर असतं ते त्वचेचंच, तेलाच्या आणि मेणाच्या ग्रंथींसकट. त्या त्वचेचा वरचा थर पडद्यापासून बाहेरच्या दिशेने सतत सरकत राहतो. साखर कारखान्याच्या गव्हाणीतून मोळ्या सरकाव्यात तसा मळ आपोआप बाहेर येतो. निरोगी कानाला आपल्या बोळ्याची गरजच नसते. सूज आली की ही गव्हाण बंद पडते, नळी अरुंद होते आणि आतलं मेण आतच साचतं. ऊब, ओल आणि चरबी एकत्र आली की यीस्टची चंगळ होते.

या यीस्टचं नाव मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस. ‘पॅकिडर्म’ म्हणजे जाड कातडीचा प्राणी. १९२५ साली अमेरिकेत फ्रेड वाइडमन यांना ते सापडलं एका भारतीय गेंड्याच्या सोलवटलेल्या कातडीत, म्हणून हे बारसं. प्रत्यक्षात त्याचं सगळ्यात आवडतं घर निघालं कुत्रा, ज्याच्या त्वचेचा बाह्यथर जेमतेम तीन ते पाच पेशींच्या जाडीचा असतो! कानातला मळ काचपट्टीवर फासून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे यीस्ट मधे बारीक कंबर असलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखं दिसतं. मला ते एका तरुण डॉक्टरांनी दाखवलं. काचपट्टी सरकवावी तिथे शेंगाच शेंगा. मी विचारलं, ‘हा संसर्ग आला कुठून?’ ते म्हणाले, ‘आला नाही काका, तिथलाच आहे. थोड्या शेंगा धडधाकट कुत्र्याच्या कानातही असतात. एवढ्या का वाढल्या, ते शोधायचंय.’

मी पावसाकडे बोट दाखवलं. पाऊस आणि लोंबते कान दोषी आहेतच. ब्रिटनमध्ये २०१६ सालच्या २२ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. उभ्या कानांच्या जातींपेक्षा लोंबत्या कानांच्या जातींत कान फुटण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट निघाली. पण मग आमच्या गल्लीतला दुसरा लॅब्राडोर त्याच पावसात भिजतो, त्याला काहीच कसं होत नाही?

डॉक्टरांनी कान सोडून बंड्याचा पुढचा पंजा उचलला आणि बोटं फाकवली. मधले केस गंजल्यासारखे लालसर. ‘हा पंजे चाटतो ना?’ चाटायचा, तासन् तास. आम्हाला वाटायचं, स्वच्छ आहे बिचारा. लाळेतल्या पोर्फिरिन नावाच्या रंगद्रव्यांनी फिकट केस असे रंगतात. काखा लाल, पोट लाल. दुखणं कानाचं नव्हतंच, ॲलर्जीचं होतं. ॲलर्जी असलेल्या निम्म्याहून अधिक कुत्र्यांचे कान बिघडतात, कारण कान म्हणजे आत दुमडलेली कातडीच.

या आजाराला ॲटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात तो डोकं वर काढतो. त्वचेची भिंत जन्मतःच थोडी सच्छिद्र असते. विटा ठीक, पण दरजा भरलेल्या नाहीत. तिच्यातून परागकण, बुरशी, घरच्या धुळीतले माइट यांचे कण आत शिरतात. हे माइट दमट हवेत फोफावतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचा पूर ५७ फुटांवर गेला, त्यानंतर महिनोन् महिने न वाळलेल्या भिंतींत राहिलेल्या सांगलीकरांना दमट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आत शिरलेल्या कणांवर शरीर भडकतं आणि इंटरल्युकिन-३१ नावाचं प्रथिन थेट मज्जातंतूंना ‘खाजव’ असा निरोप धाडतं. हा निरोप पेशीतच अडवणारं ऑक्लासिटिनिब हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आता ते इथेही लिहून देतात. खिशाला जड आहे, पण गुण येतो.

पण हे निदान करण्याआधी दोन संशयित बाद करावे लागतात. पहिला पिसू. शेपटीच्या बुडाशी केस गेलेले, कुत्रा तिथेच चावे घेतोय, तर आधी पिसूच धरावी. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण गोतावळ्याच्या जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष पोत्यात, गादीत, फरशीच्या फटीत. दुसरा संशयित अन्न. यात आरोपी असतात ते नेहमी खाण्यातले पदार्थ : गोमांस, दूध, कोंबडी, गहू. रक्ततपासणीने हे खात्रीने कळत नाही. आठ आठवडे पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं, दुसरं काहीही नाही, आणि मग जुनं अन्न देऊन बघायचं. आमच्याकडे हा प्रयोग सहाव्या आठवड्यात मोडला. साताऱ्याहून आत्या आली आणि तिने कौतुकाने बंड्याला कंदी पेढा भरवला. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी.

खेडोपाडी ‘लूत’ या एकाच शब्दात दोन वेगळे आजार कोंबलेले असतात. एक सारकॉप्टिस माइटची खरूज : भयंकर खाज, कानाच्या कडा खरबरीत, इतर कुत्र्यांना आणि माणसालाही लागणारी. कानाची कड अंगठ्याने चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागला, तर संशय बळावतो. दुसरी डेमोडेक्सची लूत : बऱ्याचदा पिल्लाच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखे केस जातात, सुरुवातीला फारशी खाज नाही, संसर्गजन्यही नाही. दोन्हींवर लोक गॅरेजमधलं जळकं ऑइल फासतात. मला याचा मनापासून राग येतो. त्यात इंजिनातले जड धातू असतात आणि कुत्रा अंग चाटतोच. मेंढरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं हाही तसलाच उद्योग. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत मेंदूचं रक्षण करणारं एक जनुक सदोष असतं, हे २००१ मध्ये कळलं. त्यांना हे औषध जिवावर बेतू शकतं. आज महिन्याला एक गोळी देऊन गोचीड, पिसू आणि दोन्ही लुती आटोक्यात येतात. वजन बघून डॉक्टरांनी ती लिहून द्यायची असते.

आणि ते थेंब? त्यांत बहुधा प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. स्टेरॉइडने सूज चार दिवसांत उतरते, आपण खूश होऊन औषध थांबवतो आणि वळणापलीकडचे जंतू निर्ढावतात. मग स्युडोमोनास नावाचा जिवाणू येतो, ज्याला साधी औषधं जुमानत नाहीत. पडदा फाटलेला असताना काही थेंब आत गेले तर कुत्रं कायमचं बहिरंही होऊ शकतं. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटली, तर कान पुरीसारखा टम्म फुगतो, तो वेगळाच घोर. म्हणून प्रत्येक वेळी आधी पडदा पाहायचा, काचपट्टी बघायची, मग औषध. हे काही पुण्या-मुंबईचे लाड नव्हेत. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मळाचा नमुना बघायला लागतं काय, तर काचपट्टी, रंग, सूक्ष्मदर्शक आणि दहा मिनिटं.

बंड्याला आता आठवड्याला औषधी शाम्पू लागतो. फेस अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा. माणसांचा शाम्पू नाही, आपली त्वचा आम्लधर्मी, त्याची तेवढी नाही. पावसातून आला की पंजे आणि पाळ्या कोरड्या करायच्या. कान या वर्षी एकदाच फुटला.

तुमच्या फ्रीजच्या दारात गेल्या वर्षीची अर्धी बाटली असेलच. ती आज टाकून द्या, आणि कुत्र्याचा पंजा उचलून बोटांमधले केस बघा.