परदेशस्थ जोडीदार आणि ग्रीन कार्ड : विवाह ठरविण्यापूर्वी जाणून घ्यावे असे काही

काही वर्षांपूर्वी दांडियाबाजारातील एका स्नेह्यांच्या घरी साखरपुड्याच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा योग आला. मुलगा अमेरिकेत नोकरीस. बैठकीत मुहूर्तापासून मानपानापर्यंत सर्व विषय निघाले. परंतु मुलगा त्या देशात कोणत्या अधिकाराने राहतो, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. 'त्याचे तिकडचे सगळे झालेले आहे,' एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले. पुढे कळले की 'सगळे झालेले' म्हणजे एच-१बी हा नोकरीपुरता व्हिसा होता. मुलीस पत्नी या नात्याने एच-४ मिळाला. ती बी.डी.एस. झालेली, पण काम करण्याची परवानगी नसल्याने बराच काळ तिला घरी बसून काढावा लागला. यात फसवणूक कोणाचीच नव्हती. अज्ञान मात्र सर्वांचे होते, आणि बैठकीस हजर असूनही गप्प बसलेला मीही त्यांत आलोच.

मी वैद्यकीय व्यवसायातला, कायद्याचा पंडित नव्हे. तथापि स्वतःच्या घरातील एका प्रकरणानिमित्त या विषयाची कागदपत्रे बरीच चाळावी लागली. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची मुले अमेरिकेत असल्याने ती माहिती येथे देत आहे.

पत्नीला किंवा पतीला कायम वास्तव्यासाठी 'स्पॉन्सर' करण्याचा अधिकार अमेरिकेत केवळ दोघांना आहे : नागरिकाला आणि ग्रीन कार्डधारकाला. दोघेही आय-१३० हाच अर्ज भरतात, पण पुढील वाट भिन्न आहे. नागरिकाचा जोडीदार 'निकटचा नातेवाईक' गणला जातो व त्यास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. जो वेळ लागतो तो कागद पुढे सरकण्याचा. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार मात्र मर्यादित संख्येच्या वर्गात मोडतो आणि त्यास रांगेत उभे राहावे लागते. ही रांग जुलै २०१९ पासून २०२३ च्या आरंभापर्यंत जवळजवळ नव्हतीच. त्यानंतर ती पुन्हा लागली. प्रतीक्षेच्या काळात पती नागरिक झाला, तर तोच अर्ज वरच्या वर्गात नेता येतो. नागरिकाच्या बाबतीत एक बारकावा आहे. पत्नीला पूर्वविवाहाचे अपत्य असेल, तर ते आईच्या अर्जात आपोआप समाविष्ट होत नाही. त्याच्यासाठी निराळा अर्ज लागतो आणि त्याच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी हा विवाह झालेला असावा लागतो. पुनर्विवाहाच्या वेळी हे हमखास विसरले जाते.

कागदपत्रांत आपल्याकडील घोळ बहुधा नावांचा असतो. लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपली प्रथा, त्यात मधले नाव आधी वडिलांचे व नंतर पतीचे. मग पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या, आणि विवाह नोंदणीचा दाखला तिसऱ्याच! तांदळात लिहिलेले नाव कौतुकाचे असले, तरी दाखल्यावर आणि पासपोर्टवर एकच नाव राहील याची काळजी घ्यावी. गुजरातमध्ये २००६ च्या कायद्याने विवाह नोंदणी सक्तीची आहे. ती मुलगा भारतात असतानाच उरकून घेणे श्रेयस्कर. वधूवर एकमेकांसमोर उपस्थित नसताना, उदाहरणार्थ व्हिडिओद्वारे, झालेला विवाह त्यानंतर उभयतांचे सहजीवन सुरू झाल्याशिवाय अमेरिकेचा कायदा मानीत नाही. कोविडच्या काळात काही कुटुंबांना या नियमाचा फटका बसला.

आर्थिक जबाबदारीचे प्रतिज्ञापत्र, म्हणजेच आय-८६४, हा दुसरा टप्पा. प्रायोजकाचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबास हे वर्षाला सुमारे २६,४०० डॉलर होतात. रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरलाही हे जड नाही. उत्पन्न अपुरे असल्यास दुसरा नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक होऊ शकतो. आणि येथेच सावध राहावे. एखादे काका प्रेमापोटी सही करून देतात, पण ती सही औपचारिक नसते. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावे साधारणतः दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, हे बंधन टिकते. घटस्फोटानेही ते संपत नाही.

वैद्यकीय तपासणीविषयी व्यवसायबंधूंसाठी थोडे सविस्तर लिहितो. ही तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आपला दाखला तेथे चालत नाही. पंधरा वर्षे व त्यावरील प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे घेतात. त्यात क्षयाची शंका आली की थुंकीचे तीन नमुने व कल्चर आले, म्हणजे सुमारे दोन महिने गेले. लहानपणी क्षय होऊन गेलेल्या रुग्णांना म्हणूनच जुने एक्स-रे आणि उपचारांचे कागद जपून ठेवण्यास सांगावे. तपासणी त्यामुळे टळत नाही, पण पूर्वीच्या व आताच्या चित्राची तुलना होऊ शकते. एच.आय.व्ही.ची अट जानेवारी २०१० मध्ये काढून टाकण्यात आली, तरी रुग्ण अजून भीतभीत विचारतात. लसीकरणाच्या बाबतीत 'डॉक्टरसाहेब, मागची तारीख घालून लिहून द्या ना,' अशी गळ आपणा सर्वांनाच घातली जाते. ती मान्य करू नये. गोवर, कांजिण्या यांसारख्या रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीने सिद्ध करता येते, आणि तेही न झाल्यास लस पुन्हा टोचून घेण्यात काहीच बिघडत नाही.

जोडीदार स्वतःच जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी करणारा डॉक्टर असेल, तर आणखी एक अडसर आहे. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट त्यास लागू असते आणि अमेरिकन नागरिकाशी विवाह केल्याने ती माफ होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये या अटीशी संबंधित कौशल्यसूचीतून भारत वगळला गेला, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. परंतु डॉक्टरांवरील बंधन त्या सूचीवर अवलंबून नसल्याने ते कायम राहिले. सुटकेचा नेहमीचा मार्ग म्हणजे १९९४ पासूनचा कॉनराड कार्यक्रम : डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा. प्रत्येक राज्यास वर्षाला अशा तीस जागा आहेत.

आता मुख्य मुद्दा. ग्रीन कार्ड मिळते त्या दिवशी विवाहास दोन वर्षे झालेली नसतील, तर मिळणारे वास्तव्य सशर्त असते व त्याची मुदत दोन वर्षे. खोटे विवाह रोखण्यासाठी १९८६ मध्ये ही तरतूद करण्यात आली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त सहीने आय-७५१ हा अर्ज करावयाचा असतो. तो केला नाही तर वास्तव्याचा हक्क संपुष्टात येतो.

या संयुक्त सहीतच अनेक मुलींचे दुःख दडलेले आहे. 'सही करणार नाही, परत पाठवून देईन,' ही धमकी दोन वर्षे डोक्यावर टांगलेली असते. मुलगी मार खाते, आणि इकडे फोनवर 'सगळे छान आहे' म्हणून सांगते. आपणही 'दोन वर्षे काढ, मग पाहू' असा सल्ला देतो. हा सल्ला कायद्याच्या अज्ञानातून आलेला आहे. विवाह प्रामाणिकपणे केलेला होता आणि नंतर घटस्फोट झाला, किंवा पतीने मारहाण अथवा अतिरेकी छळ केला, तर पत्नीस पतीच्या सहीवाचून एकटीने तोच अर्ज करता येतो आणि त्यासाठी ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. छळ केवळ शारीरिकच असावा असेही नाही. पतीने मुळात ग्रीन कार्डसाठी अर्जच केला नसेल, तरी पती नागरिक वा ग्रीन कार्डधारक असल्यास १९९४ च्या कायद्यान्वये तिला स्वतः अर्ज करता येतो, आणि त्याची वर्दी पतीला दिली जात नाही. पीडित पतीलाही हेच हक्क आहेत. एच-४ वरील पत्नीस मात्र हा स्वयं-अर्ज उपलब्ध नाही; आरंभीच्या त्या न विचारलेल्या प्रश्नाचे मोल येथे कळते.

अशा अर्जास पुरावा लागतो : दवाखान्याच्या नोंदी, पोलिसांतील तक्रार, संयुक्त बँक खाते, घराचा भाडेकरार, लग्नाची पत्रिका व छायाचित्रे. मुलीने यांच्या प्रती माहेरी पाठवून ठेवाव्यात आणि पासपोर्ट स्वतःजवळच ठेवावा. माहेरी आलेल्या मुलीच्या अंगावर वळ दिसले, तर आपल्यापैकी ज्या डॉक्टरकडे ती जाईल, त्याने ते केसपेपरवर तारखेसह, मोजमापासह आणि ती सांगेल त्या शब्दांत लिहावेत.